भात विकायचे डिसेंबरात, तांदूळ घ्यायचा जूनमध्ये : शहापूर-मुरबाडच्या हिशेबातून ‘व्यापारशर्ती’ समजून घेताना

दरवर्षी पावसाच्या तोंडावर केंद्र सरकार खरिपाचे हमीभाव जाहीर करते आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. एकात ‘भाताला विक्रमी भाववाढ’ असते, तर दुसऱ्यात ‘शेतकऱ्याच्या तोंडाला पाने पुसली’ असते. गंमत म्हणजे दोन्ही मेसेजमध्ये आकडा एकच असतो. साधारण भाताचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला २३०० रुपये होता, २०२५-२६ साठी तो २३६९ झाला. मग ही वाढ म्हणायची की फसवणूक?

आमचे म्हणणे असे, की नुसत्या भावावरून हे ठरवताच येत नाही. भाव म्हणजे अर्धीच माहिती. उरलेली अर्धी माहिती म्हणजे त्या पैशात बाजारातून काय येते. आपण जे विकतो त्याचा भाव आणि आपण जे विकत घेतो त्याचा भाव, या दोहोंच्या नात्याला अर्थशास्त्रात ‘व्यापारशर्ती’ म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट रोजची आहे. एक गोणी भात देऊन काय मिळते, आणि दहा वर्षांपूर्वी काय मिळायचे, एवढाच तो प्रश्न. देशांच्या बाबतीतही तोच लागू होतो. घाना कोको विकून किती ट्रॅक्टर आणतो, श्रीलंका चहा विकून किती तेल आणते, ही त्या देशांची व्यापारशर्त.

आता हिशेब आपल्याच भागातला करू. २०१३-१४ साली भाताचा हमीभाव १३१० रुपये होता. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १६२ रुपये होती. म्हणजे एक क्विंटल भात बरोबर आठ दिवसांची मजुरी. २०२४-२५ मध्ये भात २३०० आणि रोहयोची मजुरी २९७. भागून पाहा, पुन्हा पावणेआठ दिवसच येतात. अकरा वर्षांत दोन्ही आकडे वाढले, पण एकमेकांच्या तुलनेत जागचे हलले नाहीत. शेतकरी आणि मजूर एकाच बोटीत आहेत. (लावणीला गावात माणूस मिळत नाही, तेव्हा शेतकऱ्याला रोहयोपेक्षा बरीच जास्त मजुरी द्यावी लागते, हे खरे. इथे आम्ही फक्त सरकारने ठरवलेले दोन दर शेजारी ठेवले आहेत.)

मग बोट कोणाच्या तुलनेत मागे पडली? सोन्याचे बघा. लग्नकार्याला लागते म्हणून नाही, तर घरात आकडा सगळ्यांना आठवतो म्हणून. २००४-०५ मध्ये भाताचा हमीभाव ५६० रुपये होता आणि दहा ग्रॅम सोने सहा हजारांच्या आसपास. म्हणजे दहा-अकरा क्विंटल भातात एक तोळा. २०२४ मध्ये सोने सत्तर हजारांच्या वर होते आणि भात २३००. तीस क्विंटलहून जास्त भात लागले. सोने हे टोकाचे उदाहरण आहे, त्याचा भाव जगभरच्या भीतीवर चालतो, हे आम्हाला मान्य आहे. उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि तो दर वर्षानुवर्षे जवळपास तिथेच ठेवला आहे. तेव्हा युरियाच्या तुलनेत भाताची ताकद वाढली. पण ती बाजाराने वाढवली नाही, सरकारच्या अनुदानाने वाढवली. डीएपीची ५० किलोची गोणी १३५० रुपयांची आहे, म्हणजे एका क्विंटल भातात दोनही येत नाहीत. सांगायचे एवढेच, की ‘व्यापारशर्ती बिघडल्या’ असे भाषणात म्हणण्याआधी कशाच्या तुलनेत, ते सांगावे लागते. नाहीतर समोरचा युरियाचा आकडा काढतो आणि आपला कार्यकर्ता गप्प होतो.

एकच घर, दोन बाजूंना

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे. शहापूर-मुरबाडमधील आपली बरीच कुटुंबे अल्पभूधारक आहेत. एक एकर, दोन एकर, तेही पावसावरचे. असे घर भात विकतेही आणि तांदूळ विकत घेतेही. शिक्षणाची फी, दवाखाना, दुकानाची उधारी यांचा तगादा झोडणी झाली की लगेच सुरू होतो. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात खळ्यावरचे भात जाते. मे-जूनमध्ये कणगी रिकामी होते आणि तेच घर दुकानात तांदळासाठी उभे राहते.

हिशेबापुरते आकडे धरू. दारात आलेल्या व्यापाऱ्याने क्विंटलला १८०० रुपये दिले. एका क्विंटल भातापासून भातगिरणीत साधारण ६७ किलो तांदूळ निघतो, सरकारही हेच प्रमाण धरते. म्हणजे घराने आपला तांदूळ किलोला २७ रुपयांच्या आत विकला. सहा महिन्यांनी तसाच तांदूळ दुकानात ४५ रुपयांनी घेतला, तर ६७ किलोला ३०१५ रुपये मोजावे लागतात. एका क्विंटलमागे १२१५ रुपयांचा फरक, शिवाय कोंडा आणि कणी गेली ती वेगळीच. भरडाई, वाहतूक, साठवण यांचा खर्च त्यातून वजा करावा लागेल, व्यापाऱ्यालाही पैसे गुंतवून बसावे लागते. तरीही उरतो तो फरक कोणी दिला? ज्याला थांबता आले नाही त्याने. थांबण्याची ताकद ही बाजारातली सर्वात महाग वस्तू आहे, आणि ती आपल्याकडे नसते.

ही नवी गोष्ट नाही. या पट्ट्यात पावसाळ्यात धान्य उचलायचे आणि सुगीला दीडीने, कधी दुणीने फेडायचे, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. त्यातून आदिवासींना सोडवण्यासाठी राज्याने १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ स्थापले. पुढे एकाधिकार खरेदी आणि खावटी कर्ज आले. वीटभट्टीवरची उचल हीसुद्धा त्याच जातीची आहे. गणपतीत पैसे घ्यायचे आणि दिवाळीनंतर अंगमेहनतीने फेडायचे. तिथे भाताऐवजी श्रम आधीच विकलेले असतात, आणि आधीच विकलेल्या मालाला भाव मागता येत नाही.

रेशनचा मुद्दा इथे येतोच. अन्न सुरक्षा कायद्याखाली जानेवारी २०२३ पासून प्राधान्य गटाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मोफत मिळते. त्यामुळे जूनची धग कमी झाली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. काही मित्र म्हणतात, फुकट रेशनमुळे शेतकऱ्याच्या भावाची वाट लागली. आम्हाला हे पटत नाही. रेशनचा तांदूळ सरकार हमीभावानेच खरेदी करते. रेशन बंद झाले तर सरकारी खरेदीचे कारणच उरणार नाही, आणि आपले घर दोन्ही दारांनी लुटले जाईल.

जुलै २०२३ : एका बंदीची गोष्ट

२० जुलै २०२३ रोजी केंद्राने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के. बाहेर भाव पंधरा वर्षांतल्या उच्चांकाला गेले, फिलिपिन्स सरकारला सप्टेंबरात तांदळाच्या भावावर मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे मात्र भाव आवरण्यासाठीच ती बंदी होती. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस ती उठली.

शहापूरची गोणी थेट आफ्रिकेच्या बंदरात जात नाही. पण व्यापारी ज्या आकड्याकडे बघून बोली लावतो, तो आकडा देशभरच्या गिरण्यांच्या मागणीवर ठरतो आणि ती मागणी निर्यातीला जोडलेली असते. त्यामुळे बंदीचा फटका विकणाऱ्याला बसला आणि दिलासा खाणाऱ्याला मिळाला. प्रश्न असा, की आपण कोण? डिसेंबरात विकणारे की जूनमध्ये घेणारे? ज्यांच्याकडे पंधरा-वीस एकर आहेत ते पटकन उत्तर देतात. आपल्याला देता येत नाही. म्हणून ‘शेतकऱ्याच्या हिताची’ प्रत्येक मागणी आपल्या घराच्या हिताची असेलच असे नाही, आणि ‘ग्राहकाच्या हिताचा’ प्रत्येक निर्णयही नाही. दर वेळी तपासून पाहावे लागते.

गरीब देश कच्चा माल विकतात आणि तरी गरीबच का राहतात, याचे उत्तर अर्जेंटिनाचे राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९५० च्या सुमारास वेगवेगळे शोधले, आणि दोघे जवळपास एकाच ठिकाणी पोहोचले. त्यांचे म्हणणे आपल्या शब्दांत असे. माणसाचा पगार दुप्पट झाला म्हणून तो दुप्पट भात खात नाही, तो मोबाइल बदलतो, गाडी घेतो. त्यामुळे जग श्रीमंत होते तसा कारखान्याच्या मालाला उठाव वाढतो, धान्य-कोको-चहाला तेवढा वाढत नाही. दुसरे, कारखान्यात तंत्र सुधारले की फायदा मालकाचा नफा आणि संघटित कामगाराचा पगार यांत राहतो. शेतात तंत्र सुधारले, पीक जास्त आले, की भाव पडतो आणि फायदा विकत घेणाऱ्याकडे जातो. कारण विकणारे लाखो आणि घेणारे मोजके. प्रेबिश पुढे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेचे पहिले महासचिव झाले.

या सिद्धांतावर वाद भरपूर आहेत. २००० नंतर चीनची मागणी वाढली तेव्हा कच्च्या मालाचे भाव दहा वर्षे चढतच गेले. पण भाव चढले तरी पैसा खालपर्यंत येतोच असे नाही. २०२४ मध्ये कोको टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला, पण घाना आणि आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याला सरकारने हंगामाआधी ठरवलेला दरच मिळत होता, तो जागतिक भावापेक्षा कितीतरी कमी होता. म्हणजे व्यापारशर्त देशाची सुधारली, शेतकऱ्याची नाही. देश आणि त्यातला गरीब माणूस यांचा हिशेब एक धरायचा नसतो.

ही गोष्ट बाबासाहेबांनी त्याआधीच मांडली होती.

रुपया कोणासाठी पडला?

‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. जयंतीच्या बॅनरवर त्याचे नाव असते, पण आत काय आहे ते फारसे बोलले जात नाही. त्यातला एक धागा आपल्या विषयाचा आहे. १८७३ नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली आणि चांदीचा रुपयाही इंग्लंडच्या पौंडासमोर घसरत गेला, ते १८९३ मध्ये टांकसाळी चांदीसाठी बंद होईपर्यंत. रुपया घसरला की निर्यातदाराची चांदी होते. गहू-कापूस तिकडे त्याच पौंडात विकला तरी इकडे रुपये जास्त मिळतात. तेव्हाचे अनेक जण म्हणत, बघा, देशाचा फायदा झाला.

बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा आला कुठून? घसरत्या रुपयाने देशात वस्तूंचे भाव चढतात, पण मजुरी तितक्या वेगाने चढत नाही. मजुराच्या हातात तेच रुपये राहतात आणि त्यात धान्य कमी येते. निर्यातदाराला मिळालेले बक्षीस परदेशी गिऱ्हाइकाने दिलेले नसून इथल्याच मजुराच्या ताटातून काढलेले असते. म्हणून त्यांचा आग्रह होता की रुपया देशातल्या वस्तूंच्या भावात स्थिर असला पाहिजे. परकी चलनातला त्याचा दर हा दुसरा मुद्दा. आज रुपया घसरला की टीव्हीवर कोणीतरी निर्यातीला चालना मिळेल असे सांगतेच. शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न तिथेच लावून बघावा.

त्याआधी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतधारणेवरील निबंधात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. जमिनीचे तुकडे लहान आहेत हे मूळ दुखणे नाही. जमिनीवर जगणारी माणसे जास्त आणि त्यांना दुसरे काम नाही, हे दुखणे आहे. उपाय म्हणून त्यांनी औद्योगिकीकरण सुचवले. प्रेबिशही तीस वर्षांनी त्याच उपायावर आले. आपल्या दोन तालुक्यांत उद्योग आले, मुरबाडला एमआयडीसी आहे, आसनगाव परिसरात कारखाने आहेत. पण बारवी धरणासाठी मुरबाड तालुक्यातली गावे उठली आणि पाणी औद्योगिक वसाहती व शहरांकडे गेले. शहापूरच्या भातसा आणि तानसातून मुंबई पाणी पिते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. पाण्याचा भाव कोणी ठरवला, बदल्यात काय मिळाले, हीसुद्धा व्यापारशर्तच. या विषयावर स्वतंत्र लिहायला हवे, इथे एवढेच.

आणि बलुते? गावकीची कामे अमर्याद, मोबदला सुगीला मिळेल तेवढे धान्य, आणि किती द्यायचे ते देणाऱ्याच्या मर्जीवर. आपल्या आजोबा-पणजोबांची व्यापारशर्त ही होती. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक बाबासाहेबांनी मांडले, तेव्हा कामाचा मोबदला रोखीने आणि निश्चित मिळावा हा त्याचा एक गाभा होता. दर ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, हे ज्याला कळले त्याला बाजार कळला.

हमीभाव कोणाच्या हातात पडतो

हमीभाव जाहीर होणे आणि मिळणे यांत अंतर आहे. देशात ६ टक्केच शेतकरी हमीभावाने माल विकतात, असे शांताकुमार समितीने २०१५ मध्ये म्हटले होते. शिवाय तो भाव देशाच्या सरासरी खर्चावर ठरतो. २०२४-२५ साठी भाताचा खर्च १५३३ रुपये धरून दीडपट केले, म्हणून २३०० आले. महाराष्ट्रातला खर्च त्या सरासरीपेक्षा जास्त असतो. पंजाबात पाटाच्या पाण्यावर जेवढे पीक येते तेवढे मुरबाडच्या वरकस कडेच्या खाचरात येणार नाही.

आपल्या राज्यात आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ आणि इतरत्र मार्केटिंग फेडरेशन भाताची आधारभूत खरेदी करते. केंद्र उशिरा सुरू झाले, बारदान आले नाही, गोदाम भरलेले असले, की गरजवंत थांबत नाही. तो व्यापाऱ्याकडे जातो. पुढे कधी तेच भात दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर केंद्रावर चढते, ही तक्रार अनेक जिल्ह्यांतून ऐकू येते.

कळीचा कागद सातबारा. विक्रीची नोंदणी सातबाऱ्यावर होते, त्यावर ई-पीक पाहणीत भाताची नोंद लागते. २०२३-२४ साठी राज्याने धान उत्पादकांना हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरपर्यंत, प्रोत्साहन रक्कम जाहीर केली होती, तीही नोंदणी केलेल्यांनाच. आपल्याकडे अडचण इथेच सुरू होते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव-वतने गेली, जमिनी पुन्हा नावावर झाल्या, पण बऱ्याच ठिकाणी नवीन शर्तीवर. त्यानंतर तीन पिढ्यांच्या वारस नोंदी राहून गेल्या. सामाईक खात्यावर वीस नावे, त्यातली निम्मी मुंबई-कल्याणला. आणि जो दुसऱ्याची जमीन अर्धेलीने कसतो, त्याचे तर नावच कुठे नसते. भाव, बोनस, पीक विमा, सगळे त्या कागदावरून निघून जाते.

म्हणून मोर्चाच्या आधी करण्यासारखे काम गावात आहे. विहारात बसून घरटी एक तक्ता करावा : किती भात पिकले, किती कधी आणि कोणाला विकले, काय भाव आला, जूनमध्ये किती तांदूळ कोणत्या भावाने घेतला. वारस नोंद कोणाची राहिली, ई-पीक पाहणी कोणाची झाली नाही, हेही त्यातच लिहावे. तलाठ्याकडे दहा जणांचे अर्ज एकदम गेले तर काम हलते, हा बऱ्याच कार्यकर्त्यांचा अनुभव आहे.

थांबण्याची ताकद मिळवण्यासाठी एक जुनी योजना आहे, तिचे नाव शेतमाल तारण कर्ज. राज्य पणन मंडळ ती बाजार समित्यांमार्फत १९९०-९१ पासून राबवते. भात गोदामात ठेवायचे, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचे, सहा महिन्यांसाठी व्याज सहा टक्के. वरच्याच हिशेबात १८०० रुपयांच्या क्विंटलवर १३५० रुपये लगेच हातात येतात, सहा महिन्यांचे व्याज ४०-४१ रुपये होते, आणि भात आपलेच राहते. एकट्याच्या चार गोण्यांसाठी कोणी गोदाम उघडणार नाही, पण वाडीतल्या पंधरा घरांच्या मिळून उघडता येईल. शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडे बाजार समिती आहे. तिथे ही योजना सुरू आहे का, नसेल तर का नाही, हे लेखी विचारावे. आणि त्या समितीच्या १८ संचालकांत ग्रामपंचायत मतदारसंघातून एक जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव असते. त्या जागेवर सध्या कोण आहे, हे आपल्या गावातल्या किती जणांना माहीत आहे?